आठव्या खांबाचा खुलासा

भिंतीत सहा खिळे मारायचे आणि त्यांना सहा चित्रं लटकवायची, एवढंच काम होतं. हातोडी कुठल्या बाजूने धरायची हे ज्याला कळतं, त्या कुणालाही ते अर्ध्या तासात जमलं असतं. पण पेन्सिलरावांनी त्यासाठी ऑफिसातून दोन दिवसांची रजा काढली आणि तिथेच सगळं बिघडलं. हा माणूस ऑफिसात असला की फक्त ऑफिसातल्यांना ताप होतो. रजेवर असला की अख्खी इमारत कामाला लागते.

पेन्सिलराव हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हे. ते ऑफिसने ठेवलं, इमारतीने उचललं, आणि आता एक बायको सोडली तर सगळं जग त्यांना याच नावाने ओळखतं. बायको 'अहो' म्हणते. शहराच्या पाणी आणि गटार खात्यात नकाशे काढणारे बाराजण होते आणि तपासणारा एक, तो म्हणजे पेन्सिलराव. एकतीस वर्षं त्यांच्या टेबलावरून सरकल्याशिवाय एकही नळ जमिनीखाली गेला नव्हता. बरोबर असेल तिथे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण. चूक असेल तिथे लाल गोल, गोलाशेजारी शंका, शंकेखाली 'खुलासा करावा', त्याखाली सही आणि तारीख. ही पेन्सिल त्यांच्या उजव्या कानावर असे. आंघोळीला जातानाच काय ती उतरत असेल. घरी आलेला पेपरसुद्धा ते तपासूनच बायकोच्या हातात देत.

आणि पेन्सिल साधी नव्हती बरं का. बारा वर्षांपूर्वी कुण्या एका कंत्राटदाराने त्यांचा शेरा रबराने खोडून गटाराचा उतार उलटा करून घेतला होता. तो मोहल्ला अजून पेन्सिलरावांना शिव्या देतो. त्यानंतर त्यांनी वरच्या ऑफिसशी तीन वर्षं पत्रव्यवहार करून खास पेन्सिल मागवली. तिची रेघ रबराने जात नाही, पाण्याने जात नाही, कशानेच जात नाही. हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते त्याची गोष्ट सांगत. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर ती सहा चित्रं. ती सासरेबुवांची. सासरेबुवा म्हणजे निवृत्त हेडमास्तर, वय ब्याऐंशी, पाठ अजून फळ्यासारखी सरळ. तरुणपणी त्यांनी कुठूनसा हा संच मिळवला होता. दोनशे वर्षांपूर्वी कुण्या कारागिराने एका प्राचीन देवळापुढे बसून मापं घेतली, तांब्याच्या पत्र्यावर सुईसारख्या अवजाराने रेघ न् रेघ कोरली, शाई भरली आणि जाड कागदावर दाबून छापली. पहिल्या पानावर देवळाचा जमिनीवरचा नकाशा, दुसऱ्यावर बाजू, तिसऱ्यावर दर्शनी भाग, मग छेद, खांबाचा माथा आणि छताची नक्षी. हेडमास्तरांनी चाळीस वर्षं पोरांना तो संच दाखवला. आता ते मुलाच्या नव्या घरी राहायला गेले, आणि तिथे मोकळी भिंत नाही असं सांगून चित्रं त्यांनी मुलीकडे पाठवून दिली. सोबत दोन ओळींची चिठ्ठी: "रविवारी येतो. लावलेली बघायची आहेत."

ही चिठ्ठी वाचून बायकोचा चेहरा असा उजळला की पेन्सिलरावांना आपण सत्तावीस वर्षांत तिला काहीच दिलं नाही असं वाटायला लागलं. त्याला कारणही तसंच होतं. इतक्या वर्षांत हेडमास्तर या घरी मोजून चार वेळा आले होते. दर वेळी खुर्चीच्या टोकावर बसायचे, "प्रवास ठीक झाला?" असं विचारायचे, आणि निघायचे. आता प्रवास त्यांनी केलेला, आणि विचारायचे जावयाला! जावईही "झाला" म्हणायचे. यापलीकडे दोघांत कधी चकार शब्द नाही.

याची मुळं लग्नाच्या बोलण्यात होती. तेव्हा हेडमास्तर आतल्या खोलीत कुणाला तरी म्हणाले होते, "माझ्या मुलीने काय गटारांच्या नकाशावर खुणा करणाऱ्याशी लग्न करायचं?" पेन्सिलराव त्या वेळी नेमके दाराबाहेर उभे होते. त्यांनी ते ऐकलं, गिळलं आणि कुणालाही, अगदी बायकोलाही, सांगितलं नाही. विसरले मात्र नाहीत.

"अहो, या वेळी बाबांना आपल्याकडे बरं वाटू दे," बायको म्हणाली. "बाकी मला काही नको."

"भिंत अशी सजवतो, की बघत राहतील," पेन्सिलराव म्हणाले. दुसऱ्याच दिवशी रजा.

खोका उघडला तेव्हा तिसऱ्या चित्राची काच फुटलेली निघाली. ती त्यांनी काढून टाकली, म्हणजे ते एकच पान उघडं राहिलं. हेही लक्षात ठेवा.

आता या इमारतीत भिंतीला खिळा मारायचा तर सेक्रेटरींची लेखी परवानगी लागते. सेक्रेटरी टपाल खात्यातून निवृत्त झालेले. तिथे शिक्के मारायचे राहून गेले असावेत, ते इथे मारून घेतात. शुक्रवारी सकाळी पेन्सिलरावांनी अर्जासोबत भिंतीचा नकाशा जोडला. एकास वीस प्रमाणात, खिडकी, दार, सहा चित्रं, बारा मापं. नकाशा इतका देखणा झाला की तो देववेना.

तासाभराने तो परत आला. त्यावर हिरव्या शाईने लिहिलं होतं: "१. उत्तर दिशा दाखवलेली नाही. २. सहीखाली हुद्दा नाही."

पेन्सिलराव जिना उतरून थेट सेक्रेटरींच्या दारात.

"माझ्या दिवाणखान्याची उत्तर दिशा तुम्हाला माहीत नाही? सोळा वर्षं खालच्या मजल्यावर राहताय!"

"मला माहीत आहे हो. कागदाला माहीत नाही."

"आणि घरात मला कसला आलाय हुद्दा?"

"सहीखाली हुद्दा नसेल तर सही कोणत्या नात्याने केली, हे कसं कळायचं? बाप म्हणून, भाडेकरू म्हणून, की वाटसरू म्हणून?"

वाईट हे की उत्तर दिशा नाही म्हणून पेन्सिलरावांनी स्वतः आजवर निदान तीनशे नकाशे परत पाठवले होते. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या बाण काढला, सहीखाली 'रहिवासी' असं लिहिलं आणि वर आले. "उद्या अकरा ते एक या वेळात भिंत फोडावी," अशी परवानगी मिळाली. खिळे मारण्याला सेक्रेटरी भिंत फोडणंच म्हणतात, आणि पुढे त्यांचंच खरं झालं.

पण आत्ता दुपार होती, बायको कामावर गेलेली होती आणि पेन्सिलरावांच्या अंगाची आग होत होती. एकतीस वर्षांत त्यांचा कागद कुणी तपासला नव्हता. जीव रमवायला म्हणून त्यांनी सहाही चित्रं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली. काय ती रेघ! काय ती सावली! दगडांमधल्या फटीतलं गवतसुद्धा काडी काडी वेगळं. त्यांचं मन निवत चाललं होतं. निवता निवता त्यांनी, सहज, निव्वळ सवयीने, पहिल्या पानावरच्या नकाशातले पुढच्या रांगेतले खांब मोजले. आठ. मग तिसऱ्या पानावरचे दर्शनी खांब मोजले.

सात.

पुन्हा मोजले. सातच. बोट ठेवून मोजले. सात! आणि सात म्हटल्यावर मधला खांब बरोब्बर दारासमोर आलेला. देवाने बाहेर कसं यायचं? आणि वर कमाल म्हणजे कोरणाऱ्याने दार हळूच डाव्या बाजूला सरकवून दिलं होतं, म्हणजे ते खांबाआडून जरासं डोकावत होतं.

यापुढे जे झालं त्यात पेन्सिलरावांचा दोष नाही, असं त्यांचं अजूनही म्हणणं आहे. हात आपोआप कानाकडे गेला. मधला खांब आणि दार यांच्याभोवती एक सुबक लाल गोल पडला. शेजारी अक्षरं उमटली: "खांब सात. नकाशात आठ. दारासमोर खांब येतो. खुलासा करावा." सही. तारीख. ते समाधानाने मागे टेकून बसले. खुलासा ज्याने करायचा तो इसम जाऊन दोनशे वर्षं झाली आहेत, हे त्यांच्या पाच-सात सेकंदांनी लक्षात आलं. हे चित्र कुणाचं आहे, हे त्यानंतर लक्षात आलं, आणि ते रबराकडे धावले.

रबर चाललं नाही. कसं चालणार? न चालावं म्हणून यांनीच तर तीन वर्षं भांडण केलं होतं!

शेवटी समोरच्या दारातले कंपाउंडर आले. हे चाळीस वर्षं औषधाच्या पुड्या बांधून निवृत्त झालेले. यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर इलाज असतो आणि तो इलाज नेहमी बाहेरून लावायचा असतो.

"पावाने घासा," कंपाउंडर चित्राची नाडी बघावी तसे वाकून म्हणाले. "आतला मऊ भाग घ्यायचा. जुने लोक कागद पावानेच साफ करायचे."

"खात्री आहे?"

"मी कधी खात्रीशिवाय सांगतो का? आणि नाही गेलं तर बटाटा आहे."

पावाने लाल रेघ गेली नाही, पसरली. सुबक गोलाच्या जागी गुलाबी ढग आला. जणू देवळाच्या दारात कुणीतरी लाजून उभं होतं. अक्षरं मात्र ठणठणीत. बटाटा पेन्सिलरावांनी हातातून काढून घेतला आणि कंपाउंडरांना घरी पाठवलं. जाता जाता ते म्हणाले, "उन्हात ठेवा. ऊन सगळ्याला चांगलं."

पेन्सिलराव चित्र काखोटीला मारून कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे धावले. फ्रेमवाला हा सावकाश बोलणारा माणूस. समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचं आणि मग चहा मागवायचा, ही त्याची पद्धत.

"चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट लावा," पेन्सिलराव म्हणाले. "इतकी रुंद, की हे झाकलं जाईल."

"साहेब, हे मधोमध आहे. हे झाकायचं तर चौकट आतून सुरू करावी लागेल. मग देऊळ दिसणार नाही, फक्त आभाळ दिसेल."

"मग उपाय?"

फ्रेमवाल्याने चहा संपवला. "बाकीच्या पाचांवरही एकेक लाल गोल काढा. सहा झाले की नक्षी वाटेल."

खोटं कशाला बोला, दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत पेन्सिलरावांनी यावर विचार केला. घरी येऊन त्यांनी चित्र सोफ्याखाली सरकवलं आणि संध्याकाळी बायकोला सांगितलं की तिसरं काच बसवायला टाकलंय. ती म्हणाली, "बरं केलंत हो." त्या 'हो'ने त्यांना जेवण गेलं नाही.

शनिवारी बरोबर अकरा वाजता काम सुरू झालं. खिळा भिंतीत शिरेना, म्हणून कंपाउंडरांकडून भोक पाडायचं मशीन आणलं. मशीनबरोबर कंपाउंडर आलेच. बायको पाच चित्रं पुसून सोफ्यावर मांडत होती. पहिलं भोक झकास पडलं. पेन्सिलराव स्टुलावरून खाली उतरून, मागे जाऊन, एक डोळा मिटून ते बघून आले.

"थोडं वर हवं होतं," कंपाउंडर म्हणाले.

"मापाप्रमाणे आहे."

"मापाप्रमाणे असेल. दिसायला खाली आहे."

तणतणत त्यांनी दुसऱ्या भोकाला हात घातला. मशीन घरघरलं, मग निराळाच आवाज झाला, आणि भिंतीतून बोटाएवढी पाण्याची धार सुटली. ती पेन्सिलरावांच्या कानाजवळून गेली आणि कंपाउंडरांच्या छातीवर लागली. ते "अरे बापरे" म्हणत खाली बसले, तर ती सोफ्याच्या दिशेने निघाली. पाणी खात्यातल्या माणसाने स्वतःच्या दिवाणखान्यात पाण्याचा नळ फोडला होता!

"चित्रं!" बायको ओरडली. तिने पाचही चित्रं छातीशी धरून आत पळवली आणि ती परत आली तोवर जमिनीवरचं पाणी सोफ्याखाली चाललं होतं.

"सोफ्याखाली काही आहे का हो?"

"काही नाही!" पेन्सिलराव बोटाने भोक दाबून धरत म्हणाले. नवऱ्याने इतक्या पटकन उत्तर दिलं की बायका वाकून बघतात. तिने बघितलं. तिसरं चित्र कोरडंच बाहेर आलं, पण तिने ते उलटून सुलटं केलं आणि ती तशीच उभी राहिली.

तेवढ्यात सेक्रेटरींनी खालून या घराचा नळ बंद केला आणि एक पिवळा पडलेला कागद घेऊन ते वर आले. इमारत बांधली तेव्हाचा नळांचा नकाशा होता. त्यात हा नळ स्वयंपाकघराच्या भिंतीत दाखवलेला. त्याच्यावर एक ठसठशीत लाल बरोबरची खूण. खाली सही, अठ्ठावीस वर्षांपूर्वीची तारीख.

"ही सही कुणाची?" सेक्रेटरींनी विचारलं. त्यांच्या आवाजात आनंद होता, नाही कसं म्हणू?

पेन्सिलरावांनी ओला चष्मा पुसून पाहिलं. सही त्यांचीच होती. ज्या भिंतीत नळ नाही म्हणून त्यांनी सही केली होती, त्याच भिंतीसमोर ते ओले होऊन उभे होते. एकतीस वर्षांत असे किती नळ भलत्याच भिंतीत गेले असतील, याचा ते मनातल्या मनात हिशेब करू लागले.

सेक्रेटरी गेले, कंपाउंडर कपडे बदलायला गेले. बायको चित्र मांडीवर घेऊन कोरड्या खुर्चीवर बसली होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"लहानपणी बाबा मला हेच चित्र मांडीवर घेऊन दाखवायचे," ती म्हणाली. "माझं बोट धरून पायऱ्या चढवायचे. मग बोट इथे, मधल्या खांबाशी अडायचं. मी विचारायचे, बाबा, आत कसं जायचं? ते म्हणायचे, वळसा घालून. दर वेळी हेच." तिने गुलाबी ढगावरून अंगठा फिरवला. "आता त्यांना काय सांगू हो मी?"

पेन्सिलरावांनी कानावरची पेन्सिल काढली आणि खणात टाकली. मग फडकं आणलं आणि गुडघ्यांवर बसून सगळी जमीन पुसून काढली.

रविवारी सकाळी दहाला हेडमास्तर आले. भिंतीत दोन भोकं, एकात लाकडाची गुट्टी ठोकलेली. पाच चित्रं भिंतीला टेकून जमिनीवर उभी. तिसरं आतल्या खोलीत कपाटामागे. काय करायचं ते बायकोने नवऱ्याला पाठ करून दिलं होतं.

हेडमास्तर खुर्चीच्या टोकावर बसले. "प्रवास ठीक झाला?"

"झाला," पेन्सिलराव म्हणाले.

मग हेडमास्तरांनी चित्रांकडे पाहिलं. पहिलं, दुसरं, आणि नजर अडखळली.

"तिसरं कुठे आहे?"

"बाबा, त्याची काच फुटली होती, म्हणून फ्रेमवाल्याकडे..." बायकोने सुरुवात केली.

पेन्सिलरावांनी मान हलवायची, एवढंच त्यांचं काम होतं. त्यांनी मान हलवायचा प्रयत्नही केला. पण एकतीस वर्षं ज्याने चुकीचा कागद बरोबर म्हणून पुढे ढकलला नाही, निदान जाणूनबुजून तरी नाही, त्याची मान अशी कशी हलणार?

"फ्रेमवाल्याकडे नाही," ते म्हणाले. "आत आहे. मी ते खराब केलं. हिचा यात काही दोष नाही, हिला काही बोलू नका." आणि आत जाऊन त्यांनी ते आणलं आणि सासऱ्यांच्या हातात दिलं.

हेडमास्तरांनी खिशातून भिंग काढलं. मग ते मोठ्याने वाचू लागले, जसं वर्गात एखाद्या पोराची वही वाचत असतील तसं. "खांब सात. नकाशात आठ. दारासमोर खांब येतो. खुलासा करावा." भिंग खाली गेलं, पुन्हा वर आलं. बायकोने डोळे मिटून घेतले.

"तुम्ही मोजलेत?" हेडमास्तरांनी विचारलं.

"तीनदा."

"सातच आहेत?"

"सातच."

ब्याऐंशी वर्षांचा तो सरळ पाठीचा माणूस खुर्चीवरून उठला आणि थेट जमिनीवर मांडी घालून बसला. "बसा इकडे," त्यांनी जावयाला फर्मावलं. "एक्केचाळीस वर्षं मोजतोय मी! एक्केचाळीस! दोन मोठ्या विद्वानांना पत्रं लिहिली. एकाने उत्तर दिलं नाही. दुसऱ्याने लिहिलं की इतक्या थोर कलाकृतीपुढे माणसाने नम्र व्हावं, मोजत बसू नये. मला वाटलं, माझीच मोजणी चुकते. वर्गात हे पान दाखवायची वेळ आली की मी त्या मधल्या खांबावर हात ठेवून उभा राहायचो. न जाणो, एखादं कार्टं मोजायचं."

"आणि मला वळसा घालायला लावायचात!" बायको म्हणाली.

"मग काय करणार? तू पाच वर्षांची होतीस आणि नेमका तोच प्रश्न विचारायचीस."

"हे दार बघा," पेन्सिलराव आता वाकले होते, बोट चित्रापासून एक इंच वर. "डावीकडे सरकवलंय. म्हणजे त्याला चूक कळली होती. पण पत्रा कोरून झालेला, आता कोण पुन्हा कोरतो? दिलं दार सरकवून. आमच्या खात्यात रोज करतात."

हेडमास्तर जे हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसून झाल्यावर पेन्सिलरावांनी विचारलं, "मग मला का नाही विचारलंत? मी सत्तावीस वर्षं इथेच होतो."

हेडमास्तर भिंग पुसत म्हणाले, "कुठल्या तोंडाने विचारू, जावईबापू? त्या दिवशी दाराखालच्या फटीतून मला तुमचे बूट दिसले होते. बोलून गेल्यावर दिसले. तेव्हापासून दर वेळी इथे यायचो ते हेच विचारायचं ठरवून. खांबाचंही, आणि त्या दिवशीचंही. शब्द घशापर्यंत यायचा, आणि तोंडातून निघायचं, प्रवास ठीक झाला?"

पेन्सिलराव सात खांब पुन्हा मोजू लागले, कारण दुसरीकडे बघायला त्यांना जागा नव्हती.

"म्हणजे त्या घरी भिंत नव्हती म्हणून चित्रं इकडे आली नाहीत," बायको हळूच म्हणाली.

"भिंती तिकडेही चिक्कार आहेत," हेडमास्तर म्हणाले. "म्हटलं, मी विचारणार नाही. पण हा माणूस मोजल्याशिवाय राहायचा नाही." मग त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "शेरा आहे. सही आहे. तारीख आहे. हुद्दा कुठे आहे?"

"राहिला."

"असा कसा राहिला? कुणी कोणत्या नात्याने तपासलं, हे पुढच्यांना कसं कळायचं? पेन्सिल आणा."

पेन्सिलरावांनी बायकोकडे पाहिलं. तिनेच जाऊन खण उघडला आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. गुट्टीभोवतीची भिंत ओलसर होती, नळ अजून बंद होता आणि चहाला पाणी कंपाउंडरांकडून आणावं लागणार होतं. पेन्सिलरावांनी बराच वेळ विचार केला. तपासनीस? रहिवासी? मग त्यांनी सहीखाली, जुन्या कागदाला लागू नये इतक्या हलक्या हाताने लिहिलं: "जावई".

हेडमास्तरांनी ते भिंगातून वाचलं. जावयाच्या हातातून पेन्सिल घेतली आणि त्या शब्दापुढे एक लाल बरोबरची खूण केली. खूण जरा तिरकी आली. पेन्सिलरावांनी ती तशीच राहू दिली.